हात सुटण्याआधी

बस नेरिडासमोर गुडघे टेकून बसली. फुस्स असा आवाज झाला, दाराकडची बाजू हळूहळू फुटपाथच्या बरोबरीला आली, आणि नेरिडाने मागे वळून पाहिलं, बाबागाडी घेऊन कोण आलंय, की चाकांच्या खुर्चीतलं कोणी आहे. मागे कोणीच नव्हतं. थांब्याच्या काचेवर कुणीतरी खिळ्याने खरवडलेलं एक नाव होतं, आणि पलीकडे पोलाद कारखान्याचा धूर नेहमीसारखा समुद्राकडे कलंडलेला. "या, सावकाश चढा. घाई नाही," ड्रायव्हर म्हणाला. टक्कल पडलेला, भला माणूस. नेरिडाने थँक्यू म्हटलं, चढली, पहिल्याच सीटवर बसली. बस पुन्हा उभी राहिली, निघाली, आणि वुलनगाँग येईपर्यंत नेरिडाची कानशिलं तापलेलीच राहिली. त्याने शिवी दिली असती तर उलटून बोलता आलं असतं. त्याने फक्त पाहिलं होतं. ती थांब्यापासून बसच्या दारापर्यंत सात-आठ पावलं चालली असेल, तेवढ्यात त्या माणसाला तिच्यात काय दिसलं, की त्याचा हात आपोआप बस खाली झुकवायच्या बटणाकडे गेला?

मग तिला स्वतःला दिसायला लागलं, आणि एकदा दिसायला लागल्यावर थांबेना. खुर्चीतून उठताना आपण आधी पुढे सरकतो, दोन्ही हात टेकतो, मनात एक-दोन-तीन म्हणतो. हे केव्हापासून? दुधाची मोठी बाटली आणायचं केव्हा सोडलं? एकट्या बाईला लागतं किती दूध, असं ती स्वतःला सांगत आली होती. बीटाची बरणी पाच महिने फळीवर तशीच होती. हल्ली बीट आवडत नाही, असंही सांगून झालं होतं. प्रत्येक गोष्टीला एक कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं वाटावं असं होतं, आणि या सगळ्या कारणांच्या आड तिचे दंड, तिच्या मांड्या गुपचूप निघून गेल्या होत्या, भाडेकरू पहाटे सामान घेऊन निघून जावेत तशा. आंघोळीनंतर तिने आरशात पाहिलं. दंडाखालची कातडी दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखी लोंबत होती. हेच हात. सव्वीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात या हातांनी ओल्या चादरींचे पिळे यंत्रातून ओढून काढले होते. ओली चादर काय वजनाची असते ते ज्याने ओढली त्यालाच माहीत. तिच्यासारख्या बारा जणी होत्या, आणि दुपारच्या सुट्टीत टेबलावर कोपर टेकून पंजा लढवायच्या. नेरिडाला फक्त एकीने हरवलं होतं, आणि तीही डावखुरी होती.

"स्नायू झिजलेत," डॉक्टरीणबाई म्हणाली. "हाडांचं नंतर बघू. दिवसभरात खाता काय?"

"चहा. टोस्ट."

"आणि?"

"आणखी टोस्ट."

डॉक्टरीण हसली नाही. तिने व्यायामाच्या वर्गाची एक चिठ्ठी लिहून दिली, आणि ती चिठ्ठी नेरिडाच्या फ्रिजवर तीन आठवडे लटकत राहिली. काढली ती जनेलमुळे. जनेल, तिची मुलगी, कॅम्पबेलटाउनला राहायची आणि दर रविवारी फोन करायची. या वेळी तिचा आवाज फार गोड होता, म्हणजे काहीतरी ठरलेलं होतं.

"आई, ते वृद्धांचं घर माझ्या घरापासून सहा मिनिटांवर आहे गं. प्रत्येकीला आपली खोली. बागसुद्धा आहे."

"बाग मलाही आहे."

"आणि त्या बागेत पडलीस तर? शेजारचा कुत्रा तेवढा भुंकेल."

"भुंकेल ना? मग झालं तर."

जनेल हटली नाही. तिची हट्टाची तऱ्हा बापासारखी होती. मग म्हणाली, "ईस्टरनंतर तपासणीला बाई येणार आहेत. जमिनीवर बसवतात आणि आपलं आपण उठायला सांगतात. उठलीस तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही उठलीस तर घर विकायचं. कबूल?"

नेरिडाने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या जमिनीकडे पाहिलं. हिरव्या-पांढऱ्या चौकटींची ती जमीन चाळीस वर्षं तिने पुसली होती. इतकी खाली ती तिला आजवर कधी दिसली नव्हती.

पोर्ट केंब्लाच्या चर्चमागच्या हॉलमध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी दहा वाजता नऊ बायका जमायच्या. नेरिडाला वाटलं होतं खुर्च्या असतील, गाणी लावलेली असतील, बसल्या बसल्या हात हलवायचे असतील. तिथे लोखंड होतं. जाड रबरी चटया, त्यावर दांडे, त्या दांड्यांना लावायच्या चकत्या, आणि त्यात वाकलेल्या, पांढऱ्या केसांच्या, फुलाफुलांचे ब्लाउज घातलेल्या बायका. शिकवणारी लोसा टोंगा बेटांवरची होती, रुंद खांद्यांची, केसांचा घट्ट अंबाडा. तिच्या आजीच्या वयाच्या या बायकांशी ती फार अदबीने बोलायची आणि कसलीही दयामाया दाखवायची नाही.

"मला आपलं हलकंसं काहीतरी दे गं," नेरिडा म्हणाली.

"हलकं तुम्ही घरी उचलताच की," लोसा म्हणाली. "इथे जड उचलायला यायचं."

कोपऱ्यातून कोणीतरी खिदळलं. ती ओल्वेन. सत्त्याऐंशी वर्षांची, खाणकामगाराची मुलगी, पाठीला असा बाक की माणसाशी बोलताना तिला मान वाकडी करून वर बघावं लागे, पाखरू बघतं तसं. मणक्यातली दोन हाडं शिंकताना मोडली होती. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ती इथे आली तेव्हा लोसाने तिच्या हातात नुसता झाडूचा दांडा दिला होता. आता ती दांड्यापाशी गेली, पाय रोवले, नाकाने एकदा सूं केलं, आणि चाळीस किलो जमिनीवरून उचलून सरळ उभी राहिली; म्हणजे तिला जेवढं सरळ होता येत होतं तेवढी. चाळीस किलो म्हणजे जवळपास ती स्वतःच. दांडा खाली ठेवून ती नेरिडाला म्हणाली, "तोंड मीट, माशी जाईल." नेरिडाला काहीतरी जाणवलं. सुंदर बाई पाहिल्यावर तरुणपणी जे व्हायचं, थोडा हेवा आणि थोडं नुसतं बघत राहावंसं वाटणं, तसं. इतक्या वर्षांत कुणाकडे बघून तिला असं झालं नव्हतं.

आणि मग लोसाने हाताची पकड मोजायचं एक यंत्र काढलं. मूठभर आकाराचं, आत काटा. "दाबा. जितकं जमेल तितकं." नेरिडाने दाबलं. "अकरा किलो," लोसा म्हणाली आणि वहीत लिहिलं. त्या आकड्याने नेरिडाला वाईट वाटायला हवं होतं. तिला वाटला तो सुटकेचा गारवा. तिने एकदम विचारलं, "सहा वर्षांपूर्वी किती असेल गं? सांगता येतं का काही?"

"मागचं कसं सांगणार? का हो?"

"सहज."

सहज नव्हतं. सहा वर्षांपूर्वी क्लाइव्ह, तिचा नवरा, गेला होता. त्याआधी चार वर्षं, झटका आल्यापासून, त्याची उजवी बाजू निकामी होती आणि सगळे शब्द गेले होते, फक्त एक उरला होता: बरं. भूक लागली की बरं, दुखलं की बरं, राग आला की दात आवळून बरं. पोलाद कारखान्याच्या कोक भट्टीवर तीस वर्षं काढलेला, ब्याऐंशी किलोचा माणूस. नेरिडाने त्याला चार वर्षं रोज सकाळी टबातून उचलला. काखेखालून दोन्ही हात घालायचे, छातीपाशी बोटं गुंतवायची, मागे झुकायचं. त्या गुरुवारी ती झुकली. रात्री तो तीनदा उठला होता, तिने तीनदा चादर बदलली होती. साबणाचा वास होता, खिडकीबाहेर मॅगपाय पक्षी ओरडत होता, क्लाइव्ह अर्धा वर आला होता आणि तिच्या मनात आलं, पुरे. एवढंच. आता पुरे. आणि क्लाइव्ह खाली होता, त्याचा पाय टबाच्या कडेवर विचित्र वळलेला, आणि तो तिच्याकडे बघून हळू आवाजात म्हणत होता, बरं, बरं. खुबा मोडला. तीन आठवड्यांनी न्यूमोनियाने गेला. सगळे म्हणाले, तू किती केलंस, नेरिडा. जनेल तिच्या गळ्यात पडून रडली. कोणालाच विचारावंसं वाटलं नाही की विचार आधी आला की हात आधी सुटला. नेरिडा मात्र सहा वर्षं दुसरं काहीच विचारत नव्हती. चहा गार होत असायचा, टोस्ट ताटलीत पडलेला असायचा, आणि ती न्हाणीघराच्या बंद दाराकडे बघत तो एक क्षण पुन्हा पुन्हा उलगडत असायची. तो क्षण इतका लहान होता की त्यात बोट शिरत नसे. आता उचलायला घरात कोणी नव्हतं. हात रिकामे होते, आणि ते वाळत गेले ते तिला एका अर्थी योग्यच वाटलं होतं.

अकरा किलो. तेव्हाही अकराच असती तर? तर मग हात बिचारा काय करणार. ती घरी आली ती जवळजवळ आनंदात, आणि तिने दोन अंडी उकडून खाल्ली, कारण लोसाने खायला सांगितली होती.

पण अंड्यांनी आपलं काम केलं, लोखंडानेही केलं. आधी खोक्यावर बसून उठणं, मग खोकं काढून टाकून. आधी पाच किलो, मग आठ, मग पंधरा. जिना उतरताना दुखणाऱ्या मांड्या, रात्री पिंढरीत येणारा गोळा, आणि एका सकाळी, दात घासत असताना, दंडात लिंबाएवढं काहीतरी टणक उठलेलं. तिने दुसऱ्या हाताने ते चाचपून पाहिलं. जुनी ओळखीची बाई गर्दीत दिसावी तसं झालं. दुधाची मोठी बाटली घरात आली. आणि जानेवारीच्या शेवटी लोसाने पुन्हा ते यंत्र दाबायला दिलं, काट्याकडे पाहिलं आणि हॉलभर ऐकू जाईल असं ओरडली, "सोळा! बायांनो, सोळा!" टाळ्या पडल्या. ओल्वेनने शिट्टी वाजवली. नेरिडा हसली, आणि हसता हसता मनातल्या मनात हिशोब करू लागली. अडीच महिन्यांत, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आठवड्यातून दोनदा येऊन जर सोळा, तर तेव्हा, रोज ब्याऐंशी किलो उचलणाऱ्या बहात्तर वर्षांच्या बाईच्या हातात किती असेल? वीस? पंचवीस? पंचवीस किलोची पकड असलेल्या बाईच्या हातून माणूस निसटत नाही. तो सोडावा लागतो. म्हणजे इथे येऊन ती दर वेळी स्वतःविरुद्ध साक्ष गोळा करत होती, आणि बायका टाळ्या वाजवत होत्या.

पुढच्या मंगळवारी ती गेली नाही. शुक्रवारीही नाही. सर्दी झालीय, असं तिने लोसाला कळवलं. तिसऱ्या मंगळवारी दुपारी दार वाजलं. दारात ओल्वेन, लालबुंद, काठीवर रेललेली, टोपीखालून घाम गळतोय. खालच्या रस्त्यापासून नेरिडाच्या घरापर्यंतचा चढ पाहून तरुण पोस्टमनसुद्धा कण्हत असे.

"चालत आलीस?" नेरिडा ओरडली.

"उडता येत नाही म्हणून," ओल्वेन म्हणाली. "दोनदा बसले. एकदा भिंतीवर, एकदा कुणाच्या तरी कचऱ्याच्या डब्यावर. पाणी दे. सर्दी कुठाय तुझी?"

"बरी झाली."

"ती झालीच नव्हती." ओल्वेन स्वयंपाकघरात येऊन बसली, पाणी प्यायली, इकडेतिकडे पाहिलं. "ती बरणी काय आहे?"

"बीट. उघडत नाही."

"आण इकडे." ओल्वेनने बरणी पोटाशी धरली, तोंड कडू केलं, आणि झाकण पट्‌ करून निघालं. दोघींनी काट्याने बरणीतूनच बीट खाल्लं. ओल्वेनची हनुवटी लाल झाली.

नेरिडा म्हणाली, "ओल्वेन, तुला कधी असं वाटतं का, की आपण बळकट नसतो तर बरं झालं असतं? म्हणजे मागे. तेव्हा."

ओल्वेनने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. नेरिडाला वाटलं, आता ही विचारणार, आणि आपण सांगून टाकणार. पण ओल्वेन म्हणाली, "मी दोन नवरे पुरलेत, बाई. रात्री मलाही बरंच काय काय वाटतं. ते वाटतं म्हणून मी मंगळवार चुकवत नाही." मग तिने हनुवटी पुसली. "शुक्रवारी ये. नाहीतर मी पुन्हा चढून येईन आणि वाटेत मेले तर ते तुझ्या डोक्यावर."

नेरिडा गेली. त्या म्हाताऱ्या जिवाला पुन्हा तो चढ चढायला लावणं तिच्याच्याने होण्यासारखं नव्हतं. लोसाने सर्दीचं नाव काढलं नाही. तिला जमिनीवर बसवलं आणि उठायला शिकवलं, लहान मुलाला शिकवतात तसं, पण लहान मुलासारखं लाडावून न बोलता. कुशीवर वळा. गुडघा. हात. आता तो पाय पुढे, आता त्या पायावर भार. पहिल्या दिवशी तिला खुर्ची धरावी लागली. मार्चमध्ये खुर्ची दूर गेली.

ईस्टरनंतर तपासणीच्या बाई आल्या, कागद घेऊन, चष्मा लावून. जनेल स्वयंपाकघराच्या दारात नखं खात उभी. नेरिडा हिरव्या-पांढऱ्या चौकटींवर बसली, आडवी झाली, बाईंनी "हं" म्हटल्यावर कुशीवर वळली, आणि उठली. कशालाही न धरता, आणि बाईंनी पेनाचं टोपण काढायच्या आत. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तर मलाही जमणार नाही." जनेल हसली, मग रडायला लागली, आणि आईला घट्ट धरून म्हणाली, "तू किती ताकदीची आहेस गं! बाबांना चार वर्षं उचललंस तेव्हाच मला कळायला हवं होतं." घर वाचलं होतं. नेरिडाने मुलीच्या पाठीवर थोपटलं, आणि तिच्या खांद्यावरून समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिली.

मे महिन्यात, तिथल्या थंडीच्या सुरुवातीला, एका शुक्रवारी, बाहेर दक्षिणेचा गार वारा सुटलेला, लोसाने दांड्याला तीस किलो लावले आणि म्हणाली, "आज उचलायचं नाही. धरायचं. वर आणून मी देते. धरून उभं राहायचं, जितका वेळ होईल तितका."

"आणि मग?"

"मग काही नाही. तुम्ही सोडू नका. तोच तुम्हाला सोडेल. खाली चटई आहे, मी आहे."

 नाही म्हणावं असं नेरिडाच्या मनात आलं, पण ओल्वेन काठीवर हनुवटी टेकून समोर बसली होती. नेरिडाने दांड्याभोवती बोटं गुंतवली. वजन खांद्यांत उतरलं. लोसाने घड्याळ दाबलं.

पहिल्यांदा सोपं वाटलं. मग बोटांच्या पेरांत जळजळ सुरू झाली, मनगटातून वर सरकत कोपरापर्यंत आली, आणि तिला साबणाचा वास आला. इथे साबण नव्हता. तरी आला. आणि मनात आलं, पुरे. स्पष्ट, त्याच आवाजात, त्या गुरुवारच्या आवाजात. आता पुरे. तिने डोळे मिटले आणि हात सुटायची वाट पाहिली. हात सुटले नाहीत. तिने खाली पाहिलं. बोटं पांढरी पडली होती, तिच्याशी काही संबंध नसल्यासारखी दांड्याला चिकटून होती. पुरे, मन म्हणालं, पुरे पुरे, सोड, मर, पुरे, शिव्या देत, रडत, लहान मुलासारखं हातपाय झाडत, आणि बोटं त्याचं काहीएक ऐकत नव्हती. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. ती आपलं काम करत होती, धुलाईघरात करायची तसं, टबापाशी चार वर्षं करत होती तसं. किती तरी वेळ गेला. मग ओरडून ओरडून मनही दमलं आणि बाजूला झालं. नेरिडाचं लक्ष ओल्वेनच्या पायाकडे गेलं. तिच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, आणि त्यातून गुलाबी नख दिसत होतं, लहान मुलीने रंगवावं तसं रंगवलेलं. सत्त्याऐंशी वर्षांची बाई पायाची नखं रंगवते. कोणासाठी? वाकता तरी कसं येतं हिला? नेरिडाला हसू येऊ लागलं, आणि त्या हसण्याच्या मध्येच दांडा चटईवर धप्पकन पडला.

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. ते उघडे होते. केव्हा उघडले ते तिला कळलं नव्हतं. ती तेव्हा दुसरीकडेच होती.

"शाब्बास!" लोसा म्हणाली. "एक मिनिट चार सेकंद!"

"आणि पुरे मी कधी म्हणाले?" नेरिडाने विचारलं. तिचा आवाज तिला ओळखू येईना. "पहिल्यांदा. किती सेकंदांना?"

लोसाने घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुम्ही? तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"ओरडले मी. कितीदा तरी."

"नाही गं," ओल्वेन म्हणाली. "मी समोर बसलेय ना. तोंड मिटून उभी होतीस. घोड्यासारखी."

नेरिडा चटईवरच बसली. बसताना तिने कशालाही धरलं नाही. हातांना कापरं भरलं होतं, दोन्ही पंजे मांडीवर उलटे पडले होते आणि एकेक बोट आपापलं थरथरत होतं. तिने ते आवळले नाहीत. लोसा पाणी घेऊन आली आणि तिच्याशेजारी बसली, ओल्वेनही काठी टाकून कुरकुरत खाली आली, आणि मग नेरिडाने, सहा वर्षांत पहिल्यांदा, सांगायला सुरुवात केली.

"क्लाइव्ह बराच जड होता," ती म्हणाली.